मुक्ताबाईची उभी काठी

तिसगावच्या बाजारात मुक्ताबाई कांद्याच्या ढिगामागे बसायची. कपाळ मोकळं, हात मोकळे. एखादी नवखी बाई कांदे निवडता निवडता काहीतरी बोलायचं म्हणून विचारायची, "मालक कवा गेलं, बाई?" मुक्ताबाई तराजूवरची नजर न काढता सांगायची, "बैठकीत गेलं." विचारणारी गोंधळायची, बैठकीत माणूस मरतो कसा म्हणून. पण मुक्ताबाई तोवर पुढचं माप तोलायला घ्यायची. आणि तिचा हा गेलेला नवरा त्याच वेळी दोन कोसांवरच्या आमच्या गावात दुसऱ्या बायकोच्या हातची भाकरी खात असायचा. तिचं ते उत्तर सांगून गावातली पुरुषमंडळी पारावर हसायची. त्या हसणाऱ्यांना मी आजही माणसांत धरत नाही.

मी त्याच गावची. आमच्या घराचा त्या विहिरीत वाटा नव्हता, म्हणून मला हे मोकळेपणी लिहिता येतं. ज्यांचा होता त्यांची तोंडं अजून शिवलेली आहेत.

ओढ्याकाठी सात घरांनी मिळून खोदलेली ती विहीर. पाथर्डीकडचा कोरडा मुलूख, त्यात ही एकच विहीर चैत्रापर्यंत दम धरायची. सात वाटेकरी पाळीपाळीने मोट धरायचे. काही ठरवायचं झालं की विहिरीजवळच्या चिंचेखाली वाटेकऱ्यांची बैठक भरायची आणि प्रत्येकजण आपली काठी घेऊन यायचा. ज्याला ठराव मान्य त्याने काठी जमिनीवर आडवी टाकायची, ज्याला अमान्य त्याने उभी धरायची. आडव्या जास्त झाल्या की ठराव झाला. ज्याला येणं जमत नसेल त्याने काठी दुसऱ्याच्या हाती पाठवायची. मग ती काठी धरणारा जे करील ते मालकाने केलं असं समजायचं. दिलेली काठी परत मागायचा हक्क फक्त मालकाचा, तोही बैठक उठायच्या आत. कुणाचा वाटाच काढून घ्यायचा असेल तर नुसत्या जास्त काठ्या पडून भागत नसे. ज्याचा वाटा, त्याची काठीसुद्धा आडवी पडावी लागे. बायकांचं असं होतं की नवरा जिवंत असलेल्या बाईने बैठकीत पाऊल टाकायचं नाही. विधवेला मात्र नवऱ्याची काठी घेऊन कडेला बसता यायचं. बाहेरगावचे लोक हे ऐकून माना डोलवायचे, किती विचारपूर्वक केलंय म्हणायचे. विचार केला होता खराच, आणि तो मोडून कसा खायचा याचाही कुणीतरी करून ठेवला होता.

मुक्ताबाईचा नवरा कनिफनाथ एक्केचाळीस साली पलटणीत गेला. नगरला भरती चालू होती. पगार आणि बूट या दोन गोष्टींवर आमच्याकडची कितीतरी पोरं गेली, तसाच तोही गेला. मूलबाळ नव्हतं. थोरला भाऊ कारभारी वेगळा निघालेला, त्याचा विहिरीत वेगळा वाटा. निघताना कनिफनाथाने काठी मुक्ताबाईच्या हातात दिली. "बैठक भरली तर भरवशाच्या मानसाकडं दे," एवढंच म्हणाला. भरवशाचं माणूस कोण हे सांगायला हवं होतं. ते बहुधा त्यालाही ठाऊक नसावं.

वर्षभर पत्रं आली. मग सिंगापूर पडलं आणि पत्रं थांबली. मुक्ताबाई मात्र थांबली नाही. गडी मिळेना तेव्हा कासोटा मारून ती स्वतः मोटेच्या बैलांमागे लागली. बाई मोट हाकते म्हणून गावाने नाकं मुरडली. तिची जाऊ छबूबाई पाणवठ्यावर म्हणायची, "आता धोतारच नेसायचं राहिलंय तिचं." मुक्ताबाईने कांदा लावला, वांगी लावली, पाठीवर वाहून तिसगावला नेऊन विकली. रोज सकाळी कपाळावर रुपयाएवढं कुंकू लावायची आणि हिरव्या बांगड्या कोपरापर्यंत सारून कामाला भिडायची. तिला काय हवं होतं ते सगळ्या गावाला माहीत होतं. नवरा परत येईल तेव्हा त्याचं वावर हिरवं असलं पाहिजे, बस्स.

चव्वेचाळीसच्या उन्हाळ्यात विहिरीचं पाणी तळाला गेलं. पाळी लवकर फिरायला हवी, म्हणजे एक वाटा कमी व्हायला हवा, हे बोलणं सुरू झालं ते कारभारीच्या ओट्यावर. सातांतला मोठा वाटेकरी आप्पासाहेब, बैठक उठवायचा मान त्याचा. तोही रोज तिथे चहा प्यायला लागला. कुणाचा वाटा काढायचा हे कुणी तोंडाने बोललं नाही, बोलायची गरजच नव्हती.

सातांतलाच एक वाटेकरी होता पीरमहंमद, मुक्ताबाईच्या बांधाला लागून त्याचं रान. बैठकीच्या आदल्या दिवशी तो बांधावर येऊन म्हणाला, "मुक्ताबाई, उंद्याला काठी माझ्याकडं दे. मी उभी धरतो. दुसऱ्या कुनाकडं देऊ नको."

तेवढ्यात छबूबाई आली. बरोबर ताटलीत पुरणपोळी. तिच्या हातची पोळी या बांधावर तीन वर्षांत पहिल्यांदाच येत होती. "अगं मुक्ते, घरात थोरला दीर हाय की. काठी भाईरच्याकडं गेली तर लोक काय म्हनतील? नवरा न्हाई म्हनून मोकाट सुटली, असंच म्हनतील ना?"

आणि इथे मुक्ताबाई चुकली. बैलांमागे धावताना जिने लोकांची पर्वा केली नव्हती, तिला काठीची लाज वाटली. काठी म्हणजे घरातला पुरुष, आणि घरातला पुरुष परक्या उंबऱ्यात ठेवायचा कसा? पीरमहंमदाला तिने हात जोडले. "पीरभाई, राग मानू नका. भावजी हायेत ना." संध्याकाळी काठीला तेल लावून तिने ती कारभारीच्या दारात नेऊन दिली, डोक्यावरचा पदर सावरत, वाकून नमस्कार करून. कारभारीने तिला आशीर्वादही दिला मेल्याने.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही चार पोरीबाळी थारोळ्यावर, म्हणजे मोटेचं पाणी पडतं त्या दगडी हौदावर, धुणं धूत होतो. चिंच तिथून हाकेच्या अंतरावर. मुक्ताबाई पलीकडे आपल्या कांद्यात खुरपत होती. आप्पासाहेबाने ठराव मांडला. ज्याचा माणूस गावात नाही त्याचा वाटा पाऊस पडेपर्यंत नव्हे, कायमचाच काढावा. काठ्या पडायला लागल्या. आप्पासाहेबाची पडली, त्याच्या शेजारच्या दोघा भावांच्या दोन पडल्या, म्हाताऱ्या झुंबरबाईची पडली. झुंबरबाई विधवा, कडेला बसायची. स्वतः वीस वर्षं एकटीने काढलेली बाई, पण तिला आठवड्यातून पाणी जास्त मिळणार होतं. कारभारीची पडली. पीरमहंमद काठी उभी धरून बसला होता. मग कारभारीने डाव्या हातातली कनिफनाथाची काठी हळूच, आवाज न करता, आपल्या काठीशेजारी ठेवली.

"मुक्ताबाई!" पीरमहंमद ओरडला. "तुझी काठी आडवी पडली!"

ती खुरपं टाकून धावत आली आणि चिंचेच्या सावलीच्या कडेला येऊन थबकली. पुढे जायची मुभा नव्हती. तिथूनच म्हणाली, "भावजी, काठी द्या माझी."

कारभारी म्हणाला, "तुझी कुटली? काठी कनिफची. त्यानं येऊन मागावी. मी आत्ता देतो."

"ते लढाईवर हायेत. त्यांनी माझ्या हातात दिलेली."

"आन तू माझ्या हातात दिली. जुनी चाल हाय, मी काय घरून आनली न्हाई."

ती आप्पासाहेबाकडे वळली. "आप्पा, तुमी उठा म्हनायच्या आत मागतेय मी."

आप्पासाहेबाने खाकरून घसा साफ केला. "मागतेस खरी पोरी. पन मालकानं मागावी, न्हाईतर मालकाच्या विधवेनं. तू या दोन्हीत कुटं बसतीस?"

मग झुंबरबाई बोलली. सुपारी कातरत, वर न बघता. "सोप्पं हाय की. दादला हाय म्हन आन घरी जा. न्हाई म्हन आन बस माझ्याशेजारी."

कुणीतरी हसलं. त्यांना वाटलं, झालं, आटोपलं. जिवंत नवऱ्याला मेला म्हणणारी बाई आमच्या मुलखात जन्मली नव्हती.

मुक्ताबाई वळली. आम्हाला वाटलं घरी निघाली. ती सरळ आमच्याकडे थारोळ्यावर आली, मला म्हणाली, "सरक." दोन्ही हात वर घेतले आणि दगडाच्या कडेवर आपटले. एकदा, मग पुन्हा, मग बांगडी म्हणून उरली नाही तोवर. हिरव्या काचा आमच्या धुण्यात पडल्या. मनगटातून रक्त आलं. ओल्या पदराने तिने कपाळ पुसलं, मंगळसूत्र काढून कमरेला खोचलं आणि तशीच चालत चिंचेखाली गेली, सरळ आत, पुरुषांच्या मधे.

"मी कनिफनाथाची रांड हाय," ती म्हणाली. आवाज चिरकला नाही की काही नाही. "काठी द्या."

कारभारीचा हात पुढे होईना. पीरमहंमदाने उठून काठी जमिनीवरून उचलली आणि तिच्या हातात दिली. तिने ती उभी धरली. काठीवरून रक्ताचा ओघळ खाली आला. आप्पासाहेबाला "उठा" म्हणावंच लागलं. वाटा राहिला.

मला तेव्हा वाटलं, बाई जिंकली. किती खुळी होते मी!

कारभारी हरल्यावर गप्प बसणारातला नव्हता. दहाव्या दिवशी त्याने मिशी उतरवली, ओढ्यावर भटजी बोलावला आणि धाकट्या भावाचा दहावा घातला. "वयनीनंच भर बैठकीत सांगितलं," असं येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होता. खरं तर ती त्याच्या धाकट्या भावाची बायको, तिला वयनी म्हणायचं त्याला कारणच नव्हतं, पण त्या दिवशी त्याच्या जिभेला मध सुटला होता. पिंडाला कावळा शिवेना. लोक ताटकळले. मुक्ताबाई लांब बसून नुसती बघत होती आणि मला दिसलं की तिच्या तोंडावर हसू आलं. शेवटी दर्भाचा कावळा करून भागवलं. छबूबाईने असा गळा काढला की सख्खी आई मेली असती तरी काढला नसता.

तेव्हापासून मुक्ताबाई झुंबरबाईशेजारी बसायला लागली. सवाष्णींनी तिला टाळलं, हळदीकुंकवाला बोलावणं बंद. लग्नाच्या मांडवात ती दिसली की बायका पोरींना आत न्यायच्या. तिने ते सगळं सोसलं. एकदा धुण्यावर मी विचारलं, "मुक्ताबाई, खरंच गेले का हो ते?" ती म्हणाली, "गप. ते येनार हायेत. आले की सांगीन, तुमचं पानी राखलंय."

आणि तो आला. सेहेचाळीसच्या सुरुवातीला, तिसगावच्या मोटारीतून उतरून, हाडांचा सापळा, अंगावर खाकी कोट. जपान्यांच्या कैदेतून सुटलेला. वेशीवर त्याला बघून एका म्हातारीने भूत म्हणून किंकाळी फोडली. मुक्ताबाई रानात होती. कुणीतरी सांगितलं तेव्हा ती घराकडे धावली नाही. आधी दोन कोस चालत तिसगावला गेली, कासाराकडे बसून हात भरून हिरव्या बांगड्या भरल्या, कुंकवाचा करंडा घेतला आणि मग घरी आली. नवऱ्यासमोर उघड्या हातांनी जायचं तिच्या जिवावर आलं होतं. तेवढ्या वेळात कारभारी त्याच्याजवळ बसून सगळं सांगून मोकळा झाला होता, आपल्या पद्धतीने.

कनिफनाथाने तिला विचारलं, "मला मारलंस तू?"

"तुमच्या पान्यासाठी," ती म्हणाली. "काठी आडवी पडल्याली. दुसरी वाटच ठेवली न्हाई त्यांनी."

तो "हं" म्हणाला. पण राहिला तिच्याच घरात, जेवला तिच्या हातचं. कांद्याचं हिरवं रान बघून बांधावर तासभर बसून राहिला. मुक्ताबाई त्या दिवसांत भरभर चालायची, उगाच हसायची. लोक तिच्या बांगड्यांवर काहीबाही बोलायचे, ते तिला ऐकूच यायचं नाही.

उन्हाळा लागला तशी पुन्हा बैठक भरली. कारभारीने मागणी केली होती, जुन्या ठरावाचा निकाल लागावा. त्या सकाळी मुक्ताबाईने काठीला तेल लावलं, फडक्याने पुसली आणि कनिफनाथाच्या हातात दिली. या वेळी तिला कसलीही धास्ती नव्हती. काठी मालकाच्या हातात होती. "तुमी बोला आता," ती म्हणाली, "मी आपली कांद्यात हाय." मी पुन्हा धुणं घेऊन थारोळ्यावर गेले होते. खोटं कशाला बोलू, मुद्दाम गेले होते.

कारभारी उभा राहिला. त्याने जे मांडलं ते घरून पाठ करून आल्यासारखं नीट मांडलं. "कनिफ माझा भाऊ, जिता परत आला, देवाची किरपा. पन मग त्या दिवशी बैठकीत बसली ती कोन? जित्या मानसाची बायकू असंल तर तिला बसायचा हक्क न्हवता. तिनं काठी उचलली तेच खोटं. मंग माझ्या हातनं पडली ती काठी खरी, आन वाटा गेला. आन ती विधवा म्हनून बसली हेच खरं धरायचं, तर वाटा राहिला. पन मंग ती विधवाच. जित्या मानसाच्या घरात विधवा बायकू म्हनून नांदत न्हाई. दोनातलं एक कनिफनं सांगावं. मला दोन्ही चालतंय."

चालणारच होतं. वाटा गेला तर पाणी त्याचं वाढणार होतं. बाई गेली तर छबूबाईची चुलत बहीण लग्नाची होती, आणि कनिफनाथाला पलटणीचा पगार साठून मिळाला होता.

पीरमहंमद ताडकन उठला. "आरं काय चालवलंय हे? त्या बाईनं रगात सांडून पानी राखलं. मानूस बी हाय, बायकू बी हाय, पानी बी राहू द्या. कुनाच्या बापाचं काय जातंय?"

"चाल जाती," आप्पासाहेब म्हणाला. "आज वाकवली तर उंद्या मोडंल. ती विधवा म्हनून बसली हे खरं धरायचं, असा ठराव हाय. ह्यो बी वाट्याचाच निकाल, तवा ज्याचा वाटा, त्याची काठी पडल्याशिवाय काय व्हायचं न्हाई. कनिफ, तुझ्यावर हाय सारं."

म्हणजे कनिफनाथाची एक काठी उभी राहिली असती तर सगळं तिथेच थांबलं असतं. कारभारीने तेव्हा आडवी टाकलेली काठी खरी ठरून वाटा गेला असता, बाई राहिली असती. तो पगाराच्या पैशातून दुसरी विहीर खोदू शकला असता, कुणाच्या तरी पाण्यावर अर्धेलीने, अर्ध्या पिकाच्या बोलीवर, शेती करू शकला असता. माणसं करतात. काठ्या पडत गेल्या. झुंबरबाईचीही पडली. कनिफनाथ रानाकडे बघत होता. मुक्ताबाई कांद्यात उभी राहून इकडेच बघत होती, हात कपाळाशी धरून, उन्हासाठी. तिच्या नव्या बांगड्या इथून चमकत होत्या. त्याने तिच्याकडे पाहिलं असं मी म्हणणार नाही. त्याने कांद्याकडे पाहिलं.

"पानी राहू द्या," तो म्हणाला, आणि काठी आडवी ठेवली.

एकटा पीरमहंमद उभी काठी धरून राहिला. "उठा," आप्पासाहेब म्हणाला. अशा रीतीने आमच्या गावाने एक माणूस पाण्यापुरता जिवंत ठेवला आणि बायकोपुरता मारला. सगळं चालीला धरून झालं होतं. कुणाला एक बोट ठेवायला जागा नव्हती.

छबूबाई तयारच होती. बैठक उठताच ती कांद्यात गेली आणि मुक्ताबाईला मनगटाला धरून थारोळ्यावर घेऊन आली. "चल बाई, फोड आता. ठरलंय." आम्ही बायका मागे सरकलो. मीही सरकले. कनिफनाथ दहा पावलांवर बैलांचं जू सारखं करत होता, कारण त्या दिवशी मोटेची पाळी त्याची होती.

मुक्ताबाईने आधी त्याच्याकडे, मग चिंचेखाली पडलेल्या काठीकडे पाहिलं. मला वाटलं आता ओरडेल, शिव्या देईल, विहिरीत उडी घेईल. तिने छबूबाईचा हात सोडवला. दगडावर हात आपटायला छबूबाईने तिला जागा करून दिली होती. ती तिथे बसली आणि एकेक बांगडी सावकाश, न मोडता, हातातून काढायला लागली. कासाराने घट्ट भरल्या होत्या, कातडं सोलून निघत होतं.

"फोड की," छबूबाई म्हणाली.

"न्हाई फोडत," मुक्ताबाई म्हणाली. "फोडायला मानूस मरावं लागतं. ह्यो कुटं मेलाय, ह्यो तर माझ्यासमोर बैल जुपतोय."

तिने सगळ्या बांगड्या थारोळ्याच्या कडेवर ओळीने मांडल्या, कुंकू पदराने पुसलं आणि पीरमहंमदाच्या बांधावरून चालायला लागली. त्याने आपल्या रानातलं खोपट तिला राहायला दिलं, तिथेच ती पुढे राहिली आणि त्याच्याच कांद्यातले कांदे बाजारात विकायची. पण ते नंतर. त्या वेळी कनिफनाथाने बैलांना हाक दिली, मोट वर आली, आणि थारोळ्यात पाणी पडलं तसं कडेवरच्या बांगड्या त्याबरोबर पाटात वाहून गेल्या. पाट तिने लावलेल्या कांद्याकडे जात होता.